केसांची सच्छिद्रता आणि केशनिगा

एकाच घरातील दोन बहिणी. दोघींना शॅम्पू एकच, खोबरेल तेलाची बाटली एकच आणि आठवड्यातून दोनदा न्हाण्याची सवयही एकच. तरीही धाकटीच्या केसांना तेल लावले की ते वरवरच राहते आणि दुसऱ्या दिवशीही केस चिकट दिसतात. थोरलीच्या केसांत मात्र लावलेले तेल जाते कुठे, हेच कळत नाही. न्हाऊन दोन तास होत नाहीत तोच तिचे केस पिंजलेल्या कापसासारखे फुगून येतात. आई म्हणते, ‘थोरली आळशी आहे, नीट तेल लावत नाही.’ थोरली मात्र दर महिन्याला नवे क्रीम, नवे मास्क आणि नवे सिरम विकत घेत असते.

आईचे निदान चुकीचे आहे आणि थोरलीचा उपायही. दोघींच्या केसांत फरक आहे तो सच्छिद्रतेचा. केस पाणी, तेल आणि इतर द्रव किती प्रमाणात आत घेतो व किती धरून ठेवतो, हे त्याच्या सच्छिद्रतेवरून ठरते. हा एक गुणधर्म समजून घेतला, तर केसांवर होणारा पुष्कळसा निरर्थक खर्च टळतो आणि होणारी हानीही थांबवता येते.

केसाची रचना

केसाचा जो भाग त्वचेबाहेर दिसतो, तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालील केशमूळ. तेथे तयार झालेला केस दरमहा साधारण एक सेंटिमीटर या वेगाने बाहेर सरकत राहतो. केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याची जाडी सुमारे ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते.

त्याच्या अंतर्भागात तंतुमय गाभा असतो. केसाची ताकद, लवचिकता आणि रंग या गाभ्यात असतो. गाभ्याभोवती पारदर्शक खवल्यांचे बाह्यावरण असते. त्यालाच शास्त्रीय परिभाषेत क्यूटिकल म्हणतात. कोकणातील घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तशी या खवल्यांची मांडणी असते. एकेक खवला जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा. परंतु असे पाच ते दहा थर एकमेकांवर असतात. खवल्यांची मोकळी कड नेहमी केसाच्या टोकाकडे वळलेली असते. म्हणूनच केसावरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवले तर किंचित खरखरीत.

या कौलांवर निसर्गाने आणखी एक संरक्षण दिलेले आहे. खवल्यांच्या पृष्ठभागाशी एका विशिष्ट मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. या थरामुळे निरोगी केसावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब बनून ओघळतात. केस रंगवताना, ब्लीच करताना किंवा सरळ करताना वापरल्या जाणाऱ्या तीव्र रसायनांनी हा थर निघून जातो. एकदा गेलेला थर त्या केसावर पुन्हा तयार होत नाही, कारण तो तयार करणारी जिवंत पेशीच तेथे नसते.

पाणी आणि केस

केस हवेतील दमटपणाला किती तत्परतेने प्रतिसाद देतो, याचा उपयोग विज्ञानाने फार पूर्वीच करून घेतला. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली केसाच्या आर्द्रतामापकाची माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मानवी केस धुऊन तेलविरहित केला आणि ताणून बांधला, तर कोरड्या हवेत तो आखडतो व दमट हवेत लांबतो. ही वाढ दोन ते अडीच टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्या हालचालीवर काटा फिरवून हवेतील आर्द्रता मोजता येते.

लांबीत होणारा बदल लहान असला तरी जाडीत होणारा बदल मोठा असतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी शोषतो आणि जाडीने सुमारे पंधरा टक्के फुगतो. भिजलेल्या केसातील काही बंध तात्पुरते सुटतात, त्यामुळे ओला केस कोरड्या केसापेक्षा दुबळा असतो. प्रत्येक न्हाण्यात केस फुगतो आणि वाळताना आकसतो. बाह्यावरण शाबूत असेल तर हा चढउतार तो सहन करतो; ते झिजलेले असेल तर पाणी अधिक वेगाने व अधिक प्रमाणात आत जाते, खवले उचकटतात आणि झीज वाढत जाते.

तीन प्रकार

सोयीसाठी सच्छिद्रतेचे तीन प्रकार मानले जातात.

कमी सच्छिद्रता : खवले घट्ट मिटलेले असतात. केस भिजायला वेळ लागतो, पाणी वरून ओघळते. लावलेले तेल किंवा क्रीम वर साचून राहते. असे केस बहुधा चमकदार असतात, पण पटकन चिकट व जड दिसतात.

मध्यम सच्छिद्रता : खवले फार घट्ट नसतात आणि फार उचकटलेलेही नसतात. केस सहज भिजतात, तेल बेताने धरतात आणि विशेष तक्रार करीत नाहीत.

अधिक सच्छिद्रता : खवले उचकटलेले, तुटलेले किंवा जागोजागी नाहीसे झालेले असतात. पाणी लागताच केस भिजतात. स्पर्शाला ते खरखरीत लागतात, चटकन गुंततात, दमट हवेत फुगतात आणि त्यांना फाटे फुटतात. रंग लावला तर तो लवकर चढतो आणि लवकर उतरतोही.

जन्मतः असलेल्या ठेवणीचा यात वाटा असतोच. परंतु अधिक सच्छिद्रता ही बहुतेक वेळा कमावलेली असते. रासायनिक प्रक्रिया, तापलेल्या इस्त्रीसारखी उपकरणे, कडक ऊन, जोरजोराने विंचरणे, अल्कधर्मी साबण ही तिची नेहमीची कारणे होत. कुरळे केस म्हणजे सच्छिद्र केस, असा एक समज आढळतो; तो बरोबर नाही. कुरळेपणा हा केसाचा आकार आहे, तर सच्छिद्रता ही त्याच्या आवरणाची अवस्था.

मुळाशी एक, टोकाशी दुसरी

सच्छिद्रतेविषयी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की, ती एकाच केसावर सर्वत्र सारखी नसते. केस हे एक प्रकारचे खातेपुस्तक आहे. मुळाशी अगदी ताजी नोंद, तर टोकाशी सर्वांत जुनी. ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे पाच वर्षांपूर्वी उगवलेले असते. तेवढ्या काळातील ऊन, कंगवा, पाणी आणि रसायने यांचा सगळा हिशेब त्याच्यावर नोंदलेला असतो.

वर उल्लेखिलेल्या थोरल्या बहिणीचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. तिचे केस ४५ सेंटिमीटर लांब आहेत. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या वेळी तिने रिबाँडिंग करून घेतले. म्हणजे मुळापासून सुमारे २४ सेंटिमीटरपर्यंतचे केस त्यानंतर उगवलेले, प्रक्रिया न झालेले आहेत आणि त्याखालचे २१ सेंटिमीटर प्रक्रिया झालेले. ती मात्र जाड मास्क डोक्याच्या त्वचेपासून टोकापर्यंत सारखाच थापते. परिणामी मुळाजवळचे केस चिकट होतात, टोके कोरडीच राहतात आणि निम्म्याहून अधिक मास्क वाया जातो.

घरच्या घरी ओळख

केस पाण्याच्या पेल्यात टाकावा. तरंगला तर सच्छिद्रता कमी, बुडाला तर अधिक, अशी एक चाचणी फार लोकप्रिय आहे. ती विश्वासार्ह नाही. केराटिनची घनता पाण्यापेक्षा अधिक आहे, त्यामुळे खरे तर प्रत्येक केस बुडायला हवा. तो तरंगतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे, त्याला चिकटलेल्या हवेमुळे किंवा त्यावरील तेलामुळे. पेल्यात केस कसा टाकला, यावरही निकाल बदलतो.

त्यापेक्षा पुढील निरीक्षणे अधिक उपयोगी ठरतात. ती शॅम्पूने धुऊन वाळलेल्या, तेल न लावलेल्या केसांवर करावीत.

१. एका बटेवर मुळाजवळ, मध्यभागी आणि टोकाशी पाण्याचा एकेक थेंब सोडावा. थेंब जेथे टिकून राहतो तेथे सच्छिद्रता कमी. जेथे चटकन पसरून जिरतो तेथे अधिक.

२. एक केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटे सरकवावीत. खरखर जेथे वाढते तेथे खवले उचकटलेले आहेत, असे समजावे.

३. न्हाताना केस पूर्ण भिजायला किती वेळ लागतो, याकडे लक्ष द्यावे. वाळण्याच्या वेळेवरून मात्र निष्कर्ष काढू नये. तो केसांचा दाटपणा आणि हवामान यांवरही अवलंबून असतो.

४. गेल्या तीनचार वर्षांत केसांवर काय काय केले, ते महिन्यांसह लिहून काढावे आणि एक महिना म्हणजे एक सेंटिमीटर या हिशेबाने केसावर मोजावे. कोणत्याही चाचणीपेक्षा हा हिशेब अधिक खरे सांगतो.

कमी सच्छिद्रतेच्या केसांची निगा

अशा केसांना अधिक देण्याची नव्हे, कमी देण्याची गरज असते. तेल हलके आणि मोजके असावे. चार-पाच थेंब तळव्यांवर चोळून केसांच्या खालच्या भागावर फिरवले तरी पुरते. न्हाण्यापूर्वी तासभर तेल लावून डोक्याला कोमट पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळणे चांगले. शॅम्पू लावण्यापूर्वी केस पूर्ण भिजले आहेत, याची खात्री करावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावेत. जड मास्क, लोण्यासारखी घट्ट क्रीमे आणि प्रथिनयुक्त लेप यांची येथे गरज नसते.

मिटलेले खवले उघडण्यासाठी खाण्याचा सोडा लावण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. तो मानू नये. डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो आणि केसाचा त्याहूनही कमी, म्हणजे सुमारे ३.७. सोडा व अंगाचा साबण अल्कधर्मी असल्याने केस फुगतो आणि त्याचे सुस्थितीतील आवरण विनाकारण खराब होते. या दृष्टीने पाहिले, तर किंचित आम्लधर्मी असलेली शिकेकाई वापरण्याची जुनी रीत विचारपूर्वक घडलेली दिसते.

मध्यम सच्छिद्रतेच्या केसांबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. जे चालू आहे ते चालू ठेवावे आणि प्रयोग टाळावेत, एवढेच.

अधिक सच्छिद्रतेच्या केसांची निगा

येथे तीन उद्दिष्टे असतात : पाणी आत जाण्याचा वेग कमी करणे, घर्षण कमी करणे आणि नवी हानी थांबवणे.

पहिल्यासाठी न्हाण्यापूर्वीचे तेल. दुसऱ्यासाठी कंडिशनर. कंडिशनरमधील मुख्य घटकांवर धन विद्युतभार असतो, तर झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार अधिक असतो. त्यामुळे जेथे झीज अधिक तेथेच कंडिशनर अधिक चिकटतो. तो त्वचेवर न चोळता केसांच्या खालच्या अर्ध्या भागावर लावावा आणि दोन मिनिटांनी धुवावा. अंड्याचा पांढरा बलक लावल्याने केसाला प्रथिने मिळतात, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात.

तिसऱ्यासाठी हाताची सवय बदलावी लागते. ओले केस टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती पंचाने टिपावेत. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून वर वर सोडवावा. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवणे तर सर्वस्वी टाळावे. केसातील पाण्याची आतल्या आत वाफ होऊन गाभ्यात फुगे तयार होतात आणि केस तेथेच तुटतो. ड्रायर मात्र सर्वथा वाईट नाही. कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलवत वापरलेल्या ड्रायरने केसांची हानी नैसर्गिकरीत्या वाळू देण्यापेक्षा कमी झाल्याचे आढळले. केस फार वेळ ओले राहणे हीसुद्धा एक झीजच आहे.

खोबरेल तेलाचे गमक

केरळपासून कोकणापर्यंत घरोघरी वापरले जाणारे खोबरेल तेल केवळ परंपरेने टिकलेले नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोबरेल तेल केसाच्या आत शिरते, खनिज तेल शिरत नाही, असे दिसून आले. त्यानंतर २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्यापूर्वी व न्हाल्यानंतर लावले असता केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल त्यांत एकच निघाले, ते म्हणजे खोबरेल. हे संशोधन केशतेलाच्या उद्योगाशी संबंधित प्रयोगशाळेतील होते, हे लक्षात ठेवूनही त्यामागील कारण पटण्यासारखे आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्याचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने तो केसात शिरतो आणि पाण्याने होणारी फूग कमी करतो.

म्हणजेच तेलाचा खरा उपयोग न्हाण्याआधी आहे. आदल्या रात्री किंवा निदान काही तास आधी केसांच्या लांबीवर ते लावावे. कोंड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र तेल त्वचेवर मुरवत ठेवू नये. कोंड्याशी संबंधित सूक्ष्म बुरशी त्वचेवरील मेदावरच वाढते.

बदलीचे गाव, बदललेले पाणी

नोकरीनिमित्त गाव बदलले की ‘इथले पाणी केसांना मानवत नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी यातील वरच्या टोकाला असते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम केसांना चिकटतात, आणि सच्छिद्र केसांना अधिकच. उपाय साधा आहे : शेवटचे एक-दोन तांबे पाणी पिण्याचे, गाळणयंत्रातील किंवा साठवलेल्या पावसाचे घ्यावे. कठीण पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका केसांवर बसतो, म्हणून अंगाचा साबण केसांना लावूच नये.

हवामानाचाही विचार हवा. मुंबई, चेन्नई, कोलकाता येथील दमट हवेत सच्छिद्र केस फुगतात, तर जोधपूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात ते कोरडे पडून ठिसूळ होतात. दमट गावी न्हाल्यानंतर कंडिशनर आणि तेलाचा एखादा थेंब पुरतो. कोरड्या गावी बाहेर पडताना डोक्यावर ओढणी किंवा रुमाल घेणे कोणत्याही सिरमइतकेच उपयोगी ठरते.

रंग आणि सरळ केसांचा मोह

अमोनियायुक्त रंग खवले उचलूनच आत शिरतो, आणि रिबाँडिंगमध्ये तर गाभ्यातील बंध तोडून नव्याने जोडले जातात. अशी प्रक्रिया करणे हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय; मात्र त्याची किंमत त्या केसाला कायमची मोजावी लागते, हे जाणून तो घ्यावा. आधीच सच्छिद्र झालेल्या भागावर तीच प्रक्रिया पुन्हा करू नये. फक्त नव्या वाढीवर करावी.

काही धोके केसांपुरते मर्यादित नाहीत. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याचे मानवी कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण केले. ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या उत्पादनाने केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडांना पुन:पुन्हा इजा झालेल्या एका महिलेची नोंद २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. केशकर्तनालयात द्रावणाची बाटली मागून तिच्यावरील घटक वाचणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तसेच ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. असा कोणताही रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी त्वचेच्या लहानशा भागावर लावून पाहावा.

दुरुस्ती की जपणूक?

‘खराब केस मुळापासून दुरुस्त’ अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. निर्जीव केस बरा होत नाही. उत्तम उत्पादनही त्यावर पातळ लेप चढवते किंवा आतील काही बंधांना तात्पुरता आधार देते. न्हाण्यांबरोबर तो परिणाम ओसरतो. फाटे फुटलेले टोक जोडले जात नाही, ते कापावेच लागते. महिन्याला ५०० रुपयांचे मास्क घेतले, तर वर्षाला ६,००० रुपये होतात. तेवढ्यात खोबरेल तेल, साधा कंडिशनर आणि दर तीन महिन्यांनी टोके कापणे, एवढे सारे भागून पैसे उरतात.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. सच्छिद्रता हा केसाच्या दांड्याचा प्रश्न आहे, तर केसगळती हा केशमुळाचा. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. मुळासकट गळती एकाएकी वाढली, चकत्या पडल्या किंवा भांग रुंदावत चालला, तर तेल वा मास्क बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार किंवा नुकताच झालेला मोठा ताप, अशी कारणे त्यामागे असू शकतात.

थोरल्या बहिणीपुढील मार्ग आता सोपा आहे. वरच्या २४ सेंटिमीटरना फक्त सौम्य शॅम्पू; खालच्या २१ सेंटिमीटरना न्हाण्याआधी तेल आणि नंतर कंडिशनर; दर तीन महिन्यांनी चार-पाच सेंटिमीटर टोके कापणे; आणि इस्त्रीला रजा. या गतीने साधारण सव्वा वर्षात प्रक्रिया झालेला शेवटचा भागही निघून जाईल. तोवर मुळाकडून रोज नवा, निकोप केस उगवत राहीलच. गेलेले भांडवल परत मिळत नाही, हे खरे. परंतु नव्याने जमा होणारे जपता येते. केशनिगेचे सारे शास्त्र एवढ्यातच सामावलेले आहे.